वजनाचा भाव आणि नगाचा भाव

मुंबईच्या इतिहासकारांनी बंदराचा, गिरण्यांचा, रेल्वेचा आणि सराफ्याचा वृत्तान्त मोठ्या आस्थेने लिहून ठेवला आहे. परंतु बंदरातला माल गोदामात, गोदामातला गिरणीत आणि गिरणीतला पुन्हा बाजारात ज्यांनी नेऊन पोहोचवला त्या मालमोटारींचा, आणि विशेषतः त्या मोडकळीस आल्यावर त्यांना दुसरा, तिसरा, प्रसंगी चौथा जन्म देणाऱ्या कारागिरांचा वृत्तान्त कोणत्याही दफ्तरात सलग सापडत नाही. तो शोधायचा झाल्यास शहराच्या पूर्व किनाऱ्याकडे, शिवडीपासून वडाळा आणि अँटॉप हिलवरून शीव-कोळीवाड्याकडे व तेथून कुर्ल्याकडे जाणाऱ्या पट्ट्यात जावे लागते. भंगारातून मिळवलेल्या भागांवर जुनी पिकअप थोड्या पैशांत उभी करणे हा आज कोणाला छंद वाटेल, कोणाला दारिद्र्याचा नाइलाज वाटेल. पण या पट्ट्यात तो दीर्घकाळ एक रीतसर व्यवसाय होता. त्याची स्वतःची बाजारपेठ होती, शिकाऊ पोऱ्यापासून वस्तादापर्यंतची उतरंड होती आणि भाव ठरवण्याचा शिरस्ता होता. महायुद्ध, फाळणी आणि सरकारचे औद्योगिक धोरण या तीन मोठ्या घटनांनी, त्यांपैकी एकीच्याही मनात तसा हेतू नसताना, हा व्यवसाय घडवला.

मुळात हा प्रदेश मिठागरांचा व दलदलीचा. शहराला हवे असलेले, परंतु दाराशी नको असलेले सर्व जिन्नस, कोळसा, तेल, कापसाच्या गाठी, भंगार लोखंड, या किनाऱ्याकडे लोटण्याची मुंबईची जुनी वहिवाट आहे. १९१० मध्ये कुर्ल्यापासून रे रोडपर्यंत लोहमार्ग झाला, पुढे तो बोरीबंदराला जोडला जाऊन १९२५ मध्ये त्यावर विजेची गाडी धावू लागली. दरम्यान १९१५ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू होऊन गोद्यांमधला माल वडाळ्याच्या यार्डात येऊ लागला. जवळच माटुंग्याला रेल्वेचे डबे दुरुस्त करणारा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि १८८७ मध्ये भायखळ्याला स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९२३ मध्ये माटुंग्याला आली. परळ-लालबागच्या गिरण्यांतून लेथवर काम करणारे टर्नर, फिटर आणि ओतारी यांची संख्या तर आधीपासूनच मोठी होती. मालमोटारींच्या दुरुस्तीला लागणारा हात या भागात मोटार येण्यापूर्वीच तयार झालेला होता, ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही.

मोटारही येथे लवकर आली, आणि तीही मालवाहू स्वरूपात. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने शिवडीस आपला जुळणीचा कारखाना उघडला तो १९२८ मध्ये. सुटे भाग पेट्यांतून जहाजाने यावेत, शिवडीस त्यांची जुळणी व्हावी आणि शेव्हर्ले मोटारी व मालमोटारी देशभर जाव्यात, असा तो प्रकार होता. बहुतेक मालमोटारी कारखान्यातून उघड्या चेसिसच्या रूपात बाहेर पडत. त्यांवर लाकडी केबिन, हौदा आणि मागचा फाळका चढवण्याचे काम गावोगावचे सुतार-लोहार करीत. अशा रीतीने मालमोटार म्हणजे एकसंध वस्तू नसून जोडता-सोडता येणाऱ्या अंगांचा समुच्चय आहे, हा संस्कार येथील कारागिराला पहिल्या पिढीतच मिळाला. ज्याने नव्या चेसिसवर जुना हौदा चढवला, त्याला जुन्या चेसिसवर दुसरे इंजिन चढवण्यात काही अधर्म वाटला नाही.

दुसऱ्या महायुद्धाने या संस्काराला कच्च्या मालाची जोड दिली. ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यासाठी कॅनडात एका ठरावीक नमुन्याच्या मालमोटारी फोर्ड आणि शेव्हर्ले या दोन्ही प्रतिस्पर्धी कारखान्यांकडून बांधवून घेण्यात आल्या. त्यांची संख्या चार लाखांहून अधिक होती आणि इंजिने भिन्न असली तरी केबिनपासून चाकांपर्यंत अनेक अंगांची घडण समान होती. अमेरिकन जीपचे तर विलीज आणि फोर्ड अशा दोन कारखान्यांत मिळून सहा लाखांहून अधिक नग झाले व त्यांचे भाग एकमेकांना चपखल बसतील अशी तरतूद मुद्दाम केलेली होती. रणांगणावर दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी करता यावी, हा त्यामागचा लष्करी विचार. युद्ध संपले, ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आणलेल्या सामग्रीचे ढीग हिंदुस्थानात उरले आणि सरकारच्या डिस्पोजल खात्याने त्यांचा लिलाव मांडला. सैन्याने दोन गाड्यांतून एक करण्यासाठी जी समानता योजली होती, तिचा लाभ मग पुढची कित्येक वर्षे मुंबईच्या गॅरेजवाल्यांनी उठवला. डिस्पोजलची गाडी हा शब्दप्रयोग जुन्या पिढीच्या चालकांच्या तोंडी जो रुळला, तो या लिलावांमुळे.

दुसरे कारण फाळणीचे. पंजाब आणि सिंधमधून उखडले गेलेले हजारो लोक मुंबईस आले. त्यांतील अनेकांना शीव-कोळीवाड्यात आसरा मिळाला आणि कालांतराने त्या भागाला व तेथील स्थानकाला गुरू तेगबहादूर नगर हे नाव मिळाले. शेतजमीन गेलेली, मुद्दल थोडके, परंतु लांब पल्ल्याचे धाडस अंगी असलेला माणूस जे धंदे करू शकतो त्यांत मालमोटारीचा धंदा प्रमुख होता. नवी गाडी घेण्याची ऐपत क्वचितच कोणाची. म्हणून लिलावातली गाडी घ्यावी, कोळीवाडा-अँटॉप हिलच्या एखाद्या उघड्या मैदानात ती उभी करावी, वडाळ्याच्या फिटरकडून इंजिन खोलून घ्यावे आणि मिळेल त्या भाड्याने नाशिक, इंदूर, दिल्लीकडे निघावे, असा क्रम. मिनू मसानी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५९ मध्ये रस्ते-वाहतुकीचा जो अहवाल दिला, त्यात या धंद्यातील बहुसंख्य लोक एकदोन गाड्यांचे धनी असल्याचे चित्र स्पष्ट दिसते. अशा धन्याची गाडी महिनाभर उभी राहिली तर त्याची चूल विझते. त्याला उत्कृष्ट दुरुस्तीपेक्षा लवकर आणि स्वस्त दुरुस्ती हवी असते. अँटॉप हिलच्या परिसरातील कारागिरीचा स्वभाव या गरजेने ठरवला.

तिसरे कारण सर्वांत विलक्षण, कारण ते दिल्लीच्या कागदांवर जन्मले. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांच्यापाशी देशातच भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे अशाच कारखान्यांना मोटारी तयार करण्याची मुभा असावी. केवळ जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचे दुकान आवरले. फोर्डनेही काढता पाय घेतला. मैदानात टिकल्या किंवा पुढे उतरल्या त्यांत होत्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली व कुर्ल्यास कारखाना असलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, माझगावात जीपची जुळणी करून पुढे कांदिवलीस विस्तारलेली महिंद्र, जमशेदपूरला १९५४ पासून मर्सिडीज-बेंझच्या साह्याने मालमोटारी बनवणारी टेल्को, मद्रासची अशोक लेलँड, आणि १९५८ पासून छोट्या मालवाहू गाड्या बनवणारी फिरोदियांची बजाज टेम्पो. उत्पादन थोडे, मागणी अफाट, आयातीवर निर्बंध आणि नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा. त्यामुळे जुन्या गाडीची किंमत कोसळण्याऐवजी टिकून राहिली आणि तिची डागडुजी करणे हा शहाणपणाचा व्यवहार ठरला.

याच धोरणाचा आणखी एक परिणाम झाला, जो अर्थशास्त्रज्ञांनी दोष म्हणून नोंदवला व गॅरेजवाल्यांनी वरदान म्हणून उपभोगला. स्पर्धा नसल्यामुळे गाड्यांचे नमुने बदललेच नाहीत. जीपचा एफसी-१५० हा नमुना, ज्यात चालक इंजिनावर बसल्यासारखा पुढे बसतो आणि मागे हौद्याला भरपूर जागा मिळते, अमेरिकेत १९६५ मध्ये बंद झाला. महिंद्रने तो येथे पुढे चालवला. उंच बॉनेटच्या सीजे-३बी जीपचेही तेच झाले. प्रीमियरची फियाट आणि हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर किरकोळ फेरफारांनिशी दशकानुदशके तशाच निघत राहिल्या. विसाव्या वर्षी मोडलेल्या गाडीचा गिअरबॉक्स पाचव्या वर्षाच्या गाडीला बसतो, हे ज्या देशात शक्य आहे तेथे मोडलेली गाडी मृत होत नाही, ती भागांचे कोठार होते. कारखानदारीतील स्थगितीने जुन्या भागांच्या बाजारपेठेला असे स्थैर्य दिले.

त्या बाजारपेठेचा नकाशा समजून घेण्याजोगा आहे. रे रोडजवळचा दारूखाना हा जहाजे मोडण्याचा आणि लोखंडी भंगाराचा अड्डा. चेसिसला जोड देण्यासाठी लागणारे चॅनल, जाड पत्रा, साखळ्या तेथून येत. नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंगे, बोल्ट आणि हत्यारे. ऑपेरा हाउसच्या आसपास नव्या सुट्या भागांची दुकाने. भेंडीबाजारालगतच्या चोरबाजारात जुने मीटर, दिवे, काचा, मुठी, आरसे. आणि या सर्वांहून महत्त्वाचे ते कुर्ले, जेथे अख्ख्या गाड्या कापल्या जात व आजही कापल्या जातात. एसटी महामंडळ, बेस्ट, पोलीस, लष्कर, नगरपालिका यांनी निर्लेखित केलेली वाहने लिलावात घेऊन व्यापारी ती येथे आणत, आणि मग इंजिने एकीकडे, ॲक्सल दुसरीकडे, दरवाजे भिंतीला टेकून, स्टिअरिंगची चाके खिळ्यांना टांगलेली, अशी त्यांची वाटणी होई.

या व्यवहाराचे अर्थशास्त्र दोन भावांत सामावलेले आहे: वजनाचा भाव आणि नगाचा भाव. भंगारवाला गाडी घेतो ती वजनाने, कारण त्याच्या लेखी ते लोखंड, पितळ आणि ॲल्युमिनियम आहे. विकतो ती नगाने, कारण गिऱ्हाइकाच्या लेखी तो गिअरबॉक्स, तो डायनामो, तो रेडिएटर आहे. दोन भावांमधले अंतर म्हणजे त्याचा नफा, आणि ते अंतर ज्ञानाने निर्माण होते. ढिगातली कोणती वस्तू अद्याप यंत्राचा भाग आहे आणि कोणती केवळ धातू उरली आहे हे ज्याला दृष्टिक्षेपात कळते, तोच या धंद्यात टिकतो. थोड्या पैशांत पिकअप उभी करू पाहणाऱ्या मालकाची सारी भिस्त मग अशा फिटरवर असते, जो व्यापाऱ्याइतकाच जाणता आहे. कारण व्यापाऱ्याने ज्याची पारख केलेली नाही असा नग वजनाच्या भावाने उचलता आला, तरच हिशेब जमतो.

प्रत्यक्ष काम कसे चाले ते जवळून पाहिले म्हणजे या पारखेची कल्पना येते. समजा, महिंद्रची जुनी पिकअप मैदानात आणून टाकली आहे. इंजिन जाम, केबिनचा पत्रा गंजून चाळण झालेला, हौद्याच्या फळ्या कुजलेल्या. वस्ताद प्रथम इंजिनाकडे पाहतच नाही. तो चेसिसखाली शिरतो, छोट्या हातोडीने एकेक रिव्हेट ठोकून तिचा आवाज ऐकतो. टणक नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर ती सैल झाली. मग पोऱ्याला सुतळी धरायला लावून पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि पुन्हा उलट, असे दोन्ही कर्ण मोजतो. कर्ण सारखे भरले तर गाडी घेण्याजोगी. फरक निघाला तर तिला कधीतरी जबर अपघात झाला आहे, ती रस्त्यावर तिरपी चालेल आणि टायर खाईल, म्हणून ती वजनाच्या भावानेही महाग.

चेसिस कसोटीला उतरले म्हणजे इंजिनाची पाळी. हेड काढल्यावर सिलिंडरच्या वरच्या काठाशी वस्ताद नख फिरवतो. पिस्टनची रिंग जेथपर्यंत पोहोचते त्याच्या वर न झिजलेली कड उरते, आणि ती नखाला जितकी लागते तितकी झीज. मग ब्लॉक बोअरिंगला जातो. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ. वीस, चाळीस, साठ थाऊपर्यंत बोअर वाढवून त्या मापाचे पिस्टन घालता येतात, त्यापुढे स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर यावे लागते. ब्लॉकच फुटला असेल तर दुसरे इंजिन शोधायचे. मूळ इंजिन परत बसवण्याचा अट्टहास कोणी केला नाही. पन्नाशीच्या दशकात मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने पर्किन्स डिझेल इंजिने बनवायला घेतल्यावर पेट्रोल पिणाऱ्या कितीतरी डॉज, फार्गो आणि शेव्हर्ले गाड्यांच्या पोटात ती गेली. पुढे बजाज टेम्पोच्या मॅटॅडोरची डिझेल इंजिने जीपांत व अँबॅसडरांत बसली. त्यासाठी इंजिनाचे पाय नव्याने वेल्ड करावे लागत, गिअरबॉक्सशी जुळणारी जोडपट्टी लेथवर उतरवावी लागे आणि प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करावा लागे.

काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, याचे नियम अलिखित परंतु कडक होते. हौदा, फाळके, केबिन, बॉनेट, सीट, बंपर, दिवे, रेडिएटरची टाकी हे सारे खुशाल जुने घ्यावे. कमानीचे पाटे जुने चालतात, लोहाराकडे तापवून त्यांना पुन्हा बाक देता येतो. परंतु ज्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात तो मुख्य पाटा नवाच घ्यावा, कारण तो तुटला तर ॲक्सल जागा सोडतो. क्राउन आणि पिनियन जुने घेतले तरी एकाच गाडीतून काढलेली जोडी घ्यावी, कारण दोघांचे दात एकमेकांवर झिजून जुळलेले असतात व भलत्याशी लग्न लावल्यास हौसिंग रडू लागते. ब्रेकची रबरे, नळ्या, लायनर आणि किंगपिन यांत कोणी जुना माल घातला, तर तो फिटर नव्हे, गुन्हेगार. इतर सर्व बाबतींत सैल असणारा वस्ताद या बाबतीत मालकाशी भांडण काढी, आणि मालक गेला तरी हरकत नाही म्हणे.

शेवटी उरते ते कागदांचे काम. डेंटर पत्रा सरळ करतो, पेंटर लांबी भरून रंग मारतो, गाडी नवीसारखी दिसू लागते. पण नोंदणी पुस्तकाशिवाय ती भंगारच. इतके सर्व भाग बदलल्यावर गाडीची ओळख उरते ती चेसिसवर ठोकलेल्या क्रमांकात, आणि इंजिन बदलले तर त्याची रुजुवात परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. चोरीच्या गाडीचे भागही याच वाटेने खपत असल्यामुळे पोलिसांची नजर या धंद्यावर नेहमीच राहिली व ती अकारण नव्हती. ठोकलेला क्रमांक घासून दुसरा ठोकणारे हातही याच वस्त्यांत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. अब्रूदार गॅरेजवाला म्हणूनच लिलावाची पावती आणि विक्रीपत्र घेतल्याशिवाय इंजिनाला हात लावीत नसे. मग गाडी पासिंगला न्यायची. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने वडाळ्यास ट्रक टर्मिनल वसवले आणि मुंबई पूर्वचे परिवहन कार्यालयही तेथे आले, तेव्हा अँटॉप हिलच्या शेजारी गाडी मोडणारे, जोडणारे, चालवणारे आणि तिला योग्यता प्रमाणपत्र देणारे असे सर्वच घटक एकत्र आले.

मात्र हे वर्तुळ पूर्ण होत होते तेव्हाच त्याचा परीघ आकसू लागला होता. घाऊक बाजार वाशीस, लोखंडाचा व्यापार कळंबोलीस आणि जहाजांचा मोठा भार १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराकडे गेला. १९९१ नंतर आयातीचे व परवान्यांचे बांध फुटले. नवी गाडी हप्त्यावर मिळू लागली. मुंबईच्या धुराविरुद्ध उच्च न्यायालयात लढले गेलेले दावे, जुन्या डिझेल टॅक्सींवर आलेले निर्बंध, आणि एप्रिल २०२० पासून लागू झालेले भारत स्टेज-६ हे उत्सर्जन मानक यांनी जुन्या इंजिनाची नैतिक प्रतिष्ठाही काढून घेतली. आणि हे सर्व न्याय्यच होते. या पट्ट्यातील मुलांनी जो धूर गिळला त्याचा जमाखर्च कोणी मांडलेला नाही. परंतु कारागिरीवर निर्णायक घाव घातला तो संगणकाने. ज्या इंजिनाचे इंधन किती व केव्हा सोडायचे हे एक बंद पेटी ठरवते आणि त्या पेटीची किल्ली कंपनीपाशी असते, त्याच्या सिलिंडरवर नख फिरवून फारसे काही कळत नाही.

आज पासिंगमध्ये न टिकणाऱ्या जुन्या वाहनाला कायद्याने दोन वाटा ठेवल्या आहेत. २०२१ च्या नियमांनुसार ते नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढावे, किंवा ते पन्नास वर्षांहून जुने असेल आणि चेसिस, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसेल, तर व्हिंटेज म्हणून वेगळ्या मालिकेत नोंदवावे. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, आणि व्यापारी उपयोगास मनाई. दोन्ही वाटा आपापल्या जागी रास्त आहेत. पण शिवडीत जन्मलेली, डिस्पोजलच्या ॲक्सलवर उभी राहिलेली, पर्किन्सच्या इंजिनाने धावलेली आणि दारूखान्याच्या पत्र्याने मढलेली मालमोटार यांपैकी कोणत्याही व्याख्येत बसत नाही. जी गाडी हौसेने झाकून ठेवली ती मूळ स्वरूपात राहिली. जिने शहराचा माल वाहिला तिला मूळ स्वरूपात राहणे परवडणारेच नव्हते. इतिहासाचा पुरावा म्हणून पाहिल्यास दुसरी गाडी अधिक बोलकी आहे, कारण तिच्या प्रत्येक जोडावर त्या त्या काळची टंचाई, धोरण आणि कारागीर यांची नोंद आहे.

अँटॉप हिलपासून जवळच आणिक आगारात बेस्टने आपले वाहतूक संग्रहालय जतन केले आहे. ट्राम आणि बस यांचा शहरावरील उपकार तेथे यथोचित मांडलेला आहे. मालमोटारीला तसे स्थान अद्याप नाही. ते मिळेल तेव्हा तेथे चकचकीत रंगवलेली एखादी गाडी ठेवून भागणार नाही. कोणत्या गाडीचा कोणता भाग कोणत्या गाडीला बसतो, हे ज्ञान उतरवून घ्यावे लागेल. ते कोणत्याही कारखान्याच्या पुस्तिकेत छापलेले नाही, कारण कोणत्याही कारखान्याला ते हवे नव्हते. ते सत्तरी ओलांडलेल्या काही फिटरांच्या स्मरणात आहे, आणि वही-पेन्सिल घेऊन कुर्ले-कोळीवाड्याच्या गॅरेजात बसण्याची तयारी असेल तर ते लिहून घेणे अवघड नाही. गिरण्यांचे दस्तऐवज आपण गिरण्या पाडल्यावर गोळा करू लागलो. येथे अजून वस्ताद आहेत तोवर काम सुरू करण्याची सवड आहे.